स्पार्टाला नेलेली आगपेटी

माझ्या वडिलांचा डावा डोळा वाचला असता का, हे मी पुढे निरनिराळ्या डॉक्टरांना विचारलं. सरळ उत्तर एकानेही दिलं नाही. मोतीबिंदू फार पिकू दिला की डोळ्यात दाब वाढतो, दाब वाढला की मागची नस जाते, पण नेमकी कधी गेली हे सांगता येत नाही, असंच सगळे म्हणाले. मला मात्र एक हिवाळा आठवतो. त्या हिवाळ्यात बाबांनी ऑपरेशनसाठी मला एक अट घातली होती आणि ती मी मान्य करत नव्हतो. मी लिहीत असलेल्या एकांकिकेचा शेवट बदलायचा, एवढीच ती अट. एकांकिका स्पार्टात घडत होती, अडीच हजार वर्षांपूर्वी.

आम्ही भंडाऱ्याकडचे. बाबा तरुणपणी भिलाईला आले आणि पोलाद कारखान्यात ब्लास्ट फर्नेसवर, म्हणजे लोखंडाच्या भट्टीवर लागले. भट्टीतून वितळलेलं लोखंड नालीतून वाहत बाहेर येतं, तिथे त्यांची ड्यूटी असायची. टोपीला निळी काच लावलेली. भट्टीत पाहायचं झालं की काच डोळ्यांवर ओढायची, एरवी ती कपाळावर. घाईच्या वेळी ती कपाळावरच राहायची, हे ते स्वतःच सांगत. पन्नाशी ओलांडली तसं त्यांना धूसर दिसू लागलं. कारखान्याच्या मेडिकलने त्यांना भट्टीवरून काढून लाईट जॉब दिला. म्हणजे एका खिडकीमागे बसून लोकांना हातमोजे आणि गॉगल द्यायचे.

भट्टीवरच्या माणसाला लाईट जॉब मिळणं ही टाउनशिपमधल्या आमच्या सेक्टरमध्ये थोडी लाजेची गोष्ट होती. भट्टीवर त्यांचा एक जोडीदार होता. दोघं एकाच वर्षी, एकाच तालुक्यातून आलेले. वर्षानुवर्षं एकाच ग्रुपमध्ये. तो एकदा गेटबाहेरच्या चहाटपरीवर सगळ्यांसमोर म्हणाला, "डोळ्याले काय झालं याच्या? डब्यातली मिरची तं बरोबर दिसते बुवा."

लोक हसले. बाबाही हसले असतील. पण त्यानंतर ते टपरीवर गेले नाहीत. खिडकी सुटली की सायकल हाताने ढकलत सरळ क्वार्टरवर यायचे. ऑपरेशनचा विषय निघाला की म्हणायचे, "पाहू." का टाळतात, ते एकदा आईने काढून घेतलं. आई मला म्हणाली, "ते म्हणतेत, ऑपरेशन करून दिसाले लागलं तं लोक म्हणतीन, पाहा, सोंगच होतं. अन् नाई दिसलं तं मंग आंधळाच झालो. म्हून नाई म्हणतेत."

मी तेव्हा प्लांटच्या टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरीच्या खात्यात, कारकून होतो. लग्न झालेलं नव्हतं आणि वाचनाचं वेड होतं. टाउनशिपच्या लायब्ररीतून मी विज्ञानकथा आणायचो, त्यातही काळात मागे जाण्याच्या. त्यांची एक ठरलेली रीत असे. शास्त्रज्ञ यंत्रात बसायचा, खटका ओढायचा आणि थेट अथेन्सच्या चौकात उतरायचा. तिथे सगळे पांढऱ्या वस्त्रांत, संगमरवरी खांबांमध्ये उभे राहून वाद घालत असायचे. कुणी स्वयंपाक करताना किंवा झाडताना दिसायचं नाही. विषाचा प्याला हातात घेतलेल्या म्हाताऱ्या तत्त्वज्ञाला वाचवावं असं प्रवाशाला फार वाटायचं. पण भूतकाळाला हात लावला तर वर्तमान ढासळेल, हे त्याला वेळेवर आठवायचं. मग तो डोळे पुसून परत यायचा. हा नियम मला अतिशय आवडायचा. त्यात मला शास्त्राची शिस्त दिसायची.

दर एप्रिलात जयंतीला आमच्या विहाराच्या मैदानावर मांडव पडायचा. भाषणं, गाणी आणि एक नाटक. त्या वर्षी नाटक मी लिहितो म्हणालो. कमिटीचे सेक्रेटरी रेल्वेत गार्ड होते. त्यांनी विचारलं, "विषय?"

"ग्रीसचा इतिहास. भिलाईचा एक माणूस टाइम मशीनमध्ये बसून स्पार्टाला जातो."

"टाइम ऑफिसवाला टाइममधी फिरून राहिला," ते बाकीच्यांना म्हणाले. मग मला म्हणाले, "मारामारी हाय का?"

"आहे."

"मंग ठेव."

मारामारी म्हणजे थर्मोपिलीची. डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या वाटेवर स्पार्टाच्या तीनशे सैनिकांनी इराणच्या बादशहाचं अफाट सैन्य अडवून धरलं आणि तिथेच मेले. हे तीनशे सगळ्यांना माहीत असतात. मला मात्र लायब्ररीतल्या एका जाड पुस्तकात त्यांच्या गोष्टीनंतरचा एक परिच्छेद सापडला होता. त्या सैन्यातल्या दोघांचे डोळे आले होते. इतके की दिसेना. राजाने दोघांनाही मागच्या गावात पाठवलं. लढाईची बातमी आली तेव्हा एकाने आपल्या गुलामाला सांगितलं, मला हात धरून रणात ने. तो गेला आणि मेला. दुसरा घरी परतला. स्पार्टाने त्याला भित्रा ठरवलं. त्याच्याशी कुणी बोलेना. त्याच्या चुलीसाठी कुणी त्याला विस्तव देईना.

हा माणूस मी का निवडला हे मी कुणाला सांगितलं नाही. बाबांना तर नाहीच. पण बाबांना आता वाचता येत नव्हतं, म्हणून रविवारी दुपारी मागच्या ओट्यावर शेगडीजवळ बसून मी लिहिलेलं त्यांना वाचून दाखवू लागलो. माझा हेतू मला पक्का ठाऊक होता. नाटक ऐकून ते स्वतःच म्हणतील, चल, दवाखान्यात जाऊ. मी त्यांना बरं करायला निघालो होतो, आणि विचारलं मात्र काहीच नव्हतं.

त्यांनी पहिला प्रवेश डोळे मिटून ऐकला.

"तो गुलाम," ते म्हणाले, "ज्यानं त्या आंधळ्याले लढाईत नेऊन सोडलं. त्याचं काय झालं?"

"तो पळून गेला, असं पुस्तकात आहे."

"शहाणा होता. नाटकात हाय का तो?"

"नाही."

"कावून?"

मी पुढे वाचू लागलो. दुसऱ्या प्रवेशात तो डोळे आलेला सैनिक रिकामं मडकं घेऊन दारोदार फिरतो. विस्तव द्या म्हणतो. दारं बंद होतात. भिलाईचा प्रवासी अंधारात उभा राहून हे सगळं पाहतो. त्याला ठाऊक असतं की हा माणूस पुढच्या वर्षीच्या लढाईत वेड्यासारखा पुढे घुसेल आणि मरेल, आणि तरीही त्याला मान मिळणार नाही. हा मरायलाच निघाला होता, असं म्हणून लोक त्याचं नाव गाळतील. प्रवाशाला ते त्याला सांगावंसं वाटतं. पण नियम आठवतो. तो प्रेक्षकांकडे वळून इतिहासावर एक मोठं स्वगत म्हणतो आणि यंत्रात बसून भिलाईला परत येतो. पडदा.

स्वगत मला फार चांगलं जमलं होतं. मी मान वर केली.

बाबा शेगडीकडे तोंड करून बसले होते. निखाऱ्याची धग त्यांना कळत असावी. म्हणाले, "तुया माणूस इतक्या दूर गेला. खिशात काय घेऊन गेला?"

"काही नाही. म्हणजे, एक घड्याळ."

"आगपेटी नेऊ दे."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"बाबा, तसं करता येत नाही. भूतकाळात काही बदललं की पुढचं सगळं बदलतं. तो नियम आहे."

"एका माणसाची चूल पेटली तं कोणाचं काय बुडते?"

"शास्त्रात बसत नाही ते."

तेव्हा त्यांनी ते सांगितलं. याआधी कधी सांगितलं नव्हतं आणि नंतरही नाही. गावी असताना त्यांच्या घरची आग विझली की आजी त्यांना फुटकी खापरी देऊन वरच्या आळीकडे पाठवायची. आगपेटी विकत घेण्याची ऐपत सगळ्यांचीच नव्हती. अंगणाबाहेर उभं राहून ओरडायचं. कुणाला दया आली तर एखादा निखारा लांबून जमिनीवर फेकायचे. तो काडीने खापरीत लोटून घ्यायचा. पुढे आमच्या लोकांनी गावकीची कामं सोडली, मेलेली ढोरं ओढायची नाकारली, तेव्हा सगळ्या गावाने विस्तव बंद केला. पाणी तर आधीपासूनच वेगळं होतं.

"मी भट्टीवर लागलो," बाबा म्हणाले, "तवा मायनं इचारलं, काम काय हाय? मी म्हटलं, विस्तवापाशी हाय. तर हसली ते. म्हणे, मंग आता मागा नाई लागत."

मला एक गोष्ट तेव्हा उमगली, जी मी लहानपणापासून पाहत होतो. पानठेल्याला काथ्याची दोरी टांगलेली असायची, टोकाशी धुमसत. येणारा-जाणारा तिच्यावर बिडी पेटवायचा. बाबा कधीच नाही. त्यांच्या खिशात स्वतःची आगपेटी असायची, आणि डब्याच्या पिशवीत आणखी एक.

"तू शेवट बदल," ते म्हणाले. "मी ऑपरेशन करतो."

हे ऐकून मी त्याच क्षणी वही फाडायला हवी होती. मी म्हणालो, "विचार करतो."

आणि मी विचार केला नाही, मी अडून बसलो. मला वाटत होतं, त्यांची गोष्ट खरी आहे, पण नाटक हे नाटक आहे. शेवटी आगपेटी आली तर लोक हसतील. विज्ञानकथा वाचणारे काय म्हणतील? आमच्या सेक्टरमध्ये मी सोडून विज्ञानकथा वाचणारं कुणी नव्हतं, ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. शिवाय एक हट्ट होता: ऑपरेशन त्यांच्या भल्याचं, त्याला अट कसली? आज वाटतं, ती अट नव्हतीच. त्यांना हवं होतं ते त्यांनी पहिल्यांदाच मागितलं होतं, आणि मी दार लावून घेतलं होतं.

तेही तितकेच ठाम. मी रविवारी सुधारून वाचायचो; ते ऐकून फक्त विचारायचे, "नेली का आगपेटी?" मी नाही म्हणायचो. ते उठून आत जायचे. जाताना आधी भिंत चाचपायचे.

आई दोघांवरही चिडलेली. एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "तो कुठचा कोण, मरून दोन-अडीच हजार वर्सं झाले. त्याच्या चुलीपायी माया नवरा आंधळा होऊन राहिला. अन् दोघंही शिकले-सवरले म्हणतेत."

"मी कुठं शिकलो?" बाबा आतून म्हणाले.

"तुमी नाई तं तुमचा लेक."

तिकडे तालमी सुरू झाल्या होत्या. सैनिकाचं काम माझा एक मित्र करायचा. तो जामुलच्या सिमेंट कारखान्यात होता आणि संध्याकाळी सायकलवर यायचा. केसांत, भुवयांवर राखाडी थर. मी म्हणायचो, मेकअपची गरज नाही, तू आताच पुतळा दिसतोस. प्रवासी मी स्वतः. तो दारोदार विस्तव मागायचा आणि मी कोपऱ्यात घड्याळाकडे पाहत उभा राहायचो. एका तालमीत तो मडकं हातात घेऊन थांबला आणि माझ्याकडे वळला.

"यार, मी इथं थंडीनं मरून राहिलो, अन् तू तिकडं उभा राहून लेक्चर देऊन राहिला. पब्लिक तुलेच मारन."

"तुला मी दिसत नाही. तू भूतकाळात आहेस."

"पब्लिकले तं दिसतं ना."

मी त्याला नियम समजावून सांगितला. त्याने मान डोलावली आणि पुन्हा मडकं उचललं.

फेब्रुवारी संपत आला होता. त्या संध्याकाळी मी ऑफिसातून लवकर आलो. आई शेजारी गेलेली. दार उघडंच होतं. बाबा आतल्या खोलीत खाटेवर बसून बिडी पेटवत होते. काडी ओढली, ज्योत धरली, पण बिडीच्या टोकापासून बोटभर बाजूला. ते ओढत राहिले. बिडी पेटली नाही. काडी जळत बोटापर्यंत आली, त्यांनी ती टाकली. दुसरी ओढली. तीही तशीच बाजूला. बोट भाजलं असावं. त्यांनी ते तोंडात घातलं. मग तिसरी काडी काढली.

मी दारात उभा होतो. पाहत होतो. माझ्या हातात डबा होता आणि मी तो खालीही ठेवला नव्हता. मी किती सराईतपणे उभा आहे, हे मला तेव्हा कळलं. तालमीत रोज असाच उभा राहायचो.

मी आत गेलो, त्यांच्या हातातली काडी घेतली, ओढली आणि बिडीला लावली. त्यांनी झुरका घेतला.

"कोण?" त्यांनी विचारलं.

खोलीत अजून भरपूर उजेड होता.

"मी आहे, बाबा. शेवट बदलतो."

त्यांनी धूर सोडला. "आधी वाचून दाखव," म्हणाले.

मी त्याच संध्याकाळी स्वगत काढून टाकलं. ते गेलं आणि नाटकाला काही झालं नाही. त्याच्या जागी प्रवासी पुढे येतो, आगपेटी काढतो, चूल पेटवतो. सैनिक विचारतो, तू कुठला? तो म्हणतो, भिलाईचा. मी भट्टीवर काम करतो, आमच्याकडे विस्तव पुष्कळ आहे. एवढंच. आणि मी तो गुलामही आणला. चूल पेटल्यावर तो अंधारातून येऊन हात शेकत बसतो. त्याला कुणी काही विचारत नाही. ही सूचना बाबांची.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. आठवड्याभराने ते दवाखान्यात भरती झाले.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. डावा डोळा तपासून डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले आणि म्हणाले, याला उशीर झाला, हिवाळ्यातच का नाही आणलंत? मी म्हणालो, घरात जरा अडचण होती. बाबांना मी खरं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "एक तं हाय ना. काच पण एकच लावत होतो." हा विनोद त्यांनी मला हलकं वाटावं म्हणून केला होता. मला हलकं वाटलं नाही, आणि आता वाटायची अपेक्षाही मी ठेवत नाही.

जयंतीच्या दिवशी ते डोळ्यावर हिरवी पट्टी बांधूनच मांडवात आले. डॉक्टरांनी गर्दी नको, धूर नको, उजेडाकडे बघू नका सांगितलं होतं. आईने घरून निघताना, वाटेत आणि मांडवात बसल्यावर पुन्हा, हे सगळं त्यांना ऐकवलं. ते पहिल्या रांगेत बसले. भट्टीवरची जुनी मंडळी मागे होती. जोडीदारही होता.

मारामारीला शिट्ट्या पडल्या. मग सैनिक मडकं घेऊन दारोदार फिरू लागला आणि मांडव हळूहळू गप्प झाला. इतका, की मला भीती वाटली. पुढे बसलेल्या म्हाताऱ्या बायका त्या मडक्याकडे पाहत होत्या. त्यांना स्पार्टा कुठे आहे ठाऊक नव्हतं. बाकी सगळं ठाऊक होतं.

मी पुढे झालो. आगपेटी बाबांचीच होती. चुलीसमोर बसून काडी ओढली. एप्रिलातला गरम वारा मांडवातून सरळ येत होता; काडी विझली. दुसरी ओढली, तीही. तिसरीचं गूल उडालं. सैनिक माझ्याकडे पाहत राहिला, मी चुलीकडे.

"आडोसा कर ना बे," मागून कुणीतरी म्हणालं.

मी आडोसा केला. काडी विझली.

मग जोडीदार उठला. खुर्च्यांमधून वाट काढत स्टेजवर चढला. अंगात पांढरा सदरा, पायांत चपला. नाटकाला काय होईल याची त्याने पर्वा केली नाही. माझ्याशेजारी उकिडवा बसला, वाऱ्याकडे पाठ करून दोन्ही तळव्यांचा द्रोण केला. भट्टीवर आयुष्य काढलेले तळवे. "आता लाव," तो म्हणाला.

चूल पेटली. टाळ्या पडल्या की नाही, मला आठवत नाही. गुलाम आला आणि हात शेकू लागला. जोडीदारही तिथेच बसून राहिला, पडदा पडेपर्यंत. स्पार्टात कुणी त्याला ऊठ म्हणालं नाही.

मी खाली आलो तेव्हा तो बाबांच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसला होता. बाबांनी वरच्या खिशातून बिडी काढली. आई लगेच म्हणाली, "डॉक्टरनं काय सांगतलं?"

बाबांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांची आगपेटी माझ्याकडे होती. पण दुसरी पिशवीत होती, आणि पिशवी त्यांच्याच मांडीवर होती.

त्यांनी पट्टी बांधलेला चेहरा जोडीदाराकडे वळवला आणि बिडी पुढे केली.

"विस्तव हाय का तुयापाशी?"

जोडीदाराने काडी ओढली, तळव्यांचा आडोसा केला आणि ज्योत बरोबर बिडीच्या टोकाशी धरली.